किडा न लागणारी बाजरी

माझ्या आईने आयुष्यात काही टाकलं नाही. हे मी आता कौतुकाने सांगत नाही. एके काळी सांगत होते, व्यासपीठावर उभी राहून, माइकसमोर, आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. आई १९८३ साली गेली, पंचेचाळिशीही पुरती झाली नव्हती. डॉक्टरांनी कागदावर काय लिहायचं ते लिहिलं. ती कशाने गेली हे मला ठाऊक आहे, आणि ते कुठल्याच कागदावर नाही.

तिचं नाव भिमाबाई. नाशिकला गंगापूर रोडच्या मागच्या बाजूला, नाल्याच्या काठाने आमची पंचवीस-तीस घरांची वस्ती होती. मधोमध पत्र्याचं छोटं विहार, त्याच्यासमोर सार्वजनिक नळ. रस्त्याच्या पुढच्या अंगाला डॉक्टर-वकिलांचे बंगले उठत होते आणि आमच्या मागे द्राक्षबागा लागत होत्या. वडील मी आठवीत असताना गेले. तेव्हापासून आई बागेत मजुरीला जायची आणि घरात आम्ही दोघीच. मी, शकुंतला, वस्तीतून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. त्यामुळे मला जरा शिंगंच फुटली होती.

१९७८ साली मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. वनस्पतिशास्त्राला गर्गे सर होते. पुस्तकात नसलेलं शिकवायची त्यांना भारी हौस. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनी एक दिवस वर्गाला सांगितलं, "आठ दिवस वही ठेवा. घरातून रोज काय काय बाहेर टाकलं जातं ते लिहा. नुसतं लिहा, मग बोलू." वर्ग फिदीफिदी हसला. कचऱ्याची वही! पण सर मार्क देणार होते, म्हणून सगळ्यांनी लिहिलं.

आठ दिवसांनी एकेक जण वाचू लागला. बंगल्यांतल्या मुलींच्या याद्या संपता संपेनात. दुधाच्या बाटल्यांची झाकणं, टूथपेस्टच्या नळ्या, बिस्किटांचे कागद, शिळ्या पोळ्या, उडालेले बल्ब, बिनजोडीचा मोजा. माझ्या वहीत पहिल्या दिवसाखाली एक ओळ होती आणि पुढचे सात दिवस कोरे. मी लाजेने अर्धमेली झाले. ज्या घरात टाकायलासुद्धा काही नाही, ते घर चारचौघांत कसं वाचून दाखवायचं?

"काहीच टाकत नाही तुम्ही?" सरांनी विचारलं. "मग जातं कुठं सगळं?"

मी खाली मान घालून सांगत गेले. चुलीतली राख भांडी घासायला. भाज्यांची देठं शेजारच्या शेळीला. तांदळाचं धुवण आमच्या तीन कोंबड्यांना, कोंबड्यांची घाण वांग्याच्या रोपांना. लुगडं विटलं की गोधडीला, गोधडी विरली की पायपुसण्याला. चपलेचा तळ झिजला की त्याचा तुकडा कापून दाराच्या बिजागरीखाली. विंचरलेले केससुद्धा आई भिंतीच्या फटीत खोचून ठेवी आणि सुया-पिना विकणारी बाई आली की तिला देऊन सुई घेई.

सरांनी खडू खाली ठेवला. म्हणाले, "हे असंच्या असं लिहून काढ."

मग मी निबंध लिहिला, 'आमच्या घरातून काही बाहेर जात नाही.' आईला विचारून विचारून लिहिला. ती तव्यावरची भाकरी उलटत हसायची. "आगं, ह्ये बी लिव्हायचं आसतं व्हय? उद्या मी नाक कशी शिंकरते त्ये बी लिव्हशीला."

सरांनी तो कॉलेजच्या निबंधस्पर्धेत दिला. त्याच निबंधात डब्याबद्दलचा एक परिच्छेद होता.

द्राक्षाची छाटणी झाली की कोवळ्या फुटव्यावर उडद्या नावाचे भुंगे पडत. ते मारायला बागेत पांढरी भुकटी येई, भक्कम पत्र्याच्या आणि घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यांतून. बायका ती भुकटी फडक्यात बांधून वेलींवर झटकत जायच्या आणि संध्याकाळी भुवया पांढऱ्या करून घरी यायच्या. डबा रिकामा झाला की मुकादम केरू तो एखाद्या मजुरणीला असा द्यायचा, जणू स्वतःच्या घरचं आंदण देतोय. आईने असा एक डबा मिळवला होता. आठ दिवस त्यात पाणी भरून ठेवलं, ते नाल्यात ओतलं, मग चिंचेने घासला, विटकरीने घासला, राखेने घासला. वरचं लाल चित्र आणि इंग्रजी अक्षरं पार निघून गेली. मग त्यात तिने वर्षाची बाजरी भरली. पावसाळ्यात सगळ्या वस्तीच्या धान्यात सोंडे झाले, जाळी धरली, बायका सुपं घेऊन दिवस दिवस पाखडत बसल्या. आमच्या बाजरीत मात्र एक किडा नाही.

मी निबंधात लिहिलं, 'आईच्या या डब्यात धान्याला वर्षभर किडा लागत नाही.' शब्द माझे, विज्ञानाच्या विद्यार्थिनीचे. किडा का लागत नाही, हा प्रश्न मला पडला नाही. गर्गे सरांना पडला नाही. परीक्षक म्हणून बसलेल्या तीन शहाण्या माणसांना पडला नाही. उलट बक्षीस समारंभात त्यांच्यातल्या एकाने ते वाक्य माइकवरून पुन्हा वाचून दाखवलं आणि म्हणाला, "शिकलेल्या लोकांनी या माउलीच्या पायाशी बसावं." आई शेवटच्या रांगेत बसली होती, पदर दातांत धरून. सगळे वळून बघायला लागले तेव्हा तिने हात मांडीखाली लपवले, कारण बागेतल्या मोरचुदाने तिची नखं हिरवी झाली होती.

बक्षीस म्हणून मला एक कप मिळाला. कपापेक्षा बातमी मोठी झाली. वस्तीतल्या बायका दाराशी येऊ लागल्या, "भिमाबाई, मला बी त्यो डबा आन की एक." माझ्या आईने तोवर लोकांकडे मागण्यातच जन्म काढला होता. कुणाकडे विरजण, कुणाकडे विस्तव, कुणाकडे माझ्यासाठी जुनी पुस्तकं. आता लोक तिच्याकडे मागत होते. ती केरूच्या मागे लागायची, त्याच्या शिव्या ऐकून घ्यायची, जास्तीच्या दोन ओळी छाटून द्यायची आणि डबा मिळवायची. वर्षभरात तिने सहा घरांना सहा डबे दिले. घासून, चकचकीत करून. शेवटचा आणि सगळ्यांत नवा डबा तिने सुलाबाईला दिला.

सुलाबाई आमची भिंतीला भिंत लागून शेजारीण. वडील गेले तेव्हा आईला तिनेच सावरलं होतं. १९७९च्या दिवाळीच्या सुमारास तिची बाजरी येऊन पडली होती आणि पोतं उंदरांनी फाडलं होतं. तिला घाई होती. आईने तो डबा दोन दिवसच भिजवला, एकदा राखेने घासला आणि दिला. तळाच्या खाचेत पांढरं काही राहिलं असेल तर ते कुणी बघितलं नाही. सुलाबाई आणि तिची पाच वर्षांची छबू, दोघी मिळून डबा वाजवत घरी घेऊन गेल्या.

आधी कोंबड्या मेल्या. सुलाबाई दाणे पाखडायची तिथे सगळ्यांच्या कोंबड्या टिपायला जमत. एका आठवड्यात पाच. पंख पसरून, मान मागे टाकून, जमिनीवर गोल गोल फिरत मेल्या. कोंबड्यांत मानमोडीची साथ आली म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. मग नाल्याकाठचं एक मांजर गेलं. पौषात एका सकाळी छबू नळावर उभी होती, हातात तिचा छोटा तांब्या होता. तांब्या पडला आणि ती पोर फरशीवर आडवी होऊन आचके द्यायला लागली. दातखिळी बसली, तोंडाला फेस आला. कुणी कांदा फोडला, कुणी चामड्याची चप्पल नाकाशी धरली. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी फिटच्या गोळ्या दिल्या. महिन्याभरात तिला आणखी दोनदा फिट आली.

वस्ती कुजबुजायला लागली. आमच्याकडे देवऋषीचं नाव काढलेलं विहारातल्या म्हाताऱ्यांना खपत नसे, पण बायका नळावर हळू आवाजात बोलायच्याच. कुणी म्हणे नाल्यातलं काही बाधलं, कुणी म्हणे सुलाबाईच्या माहेरचं आहे. आई रोज संध्याकाळी छबूला मांडीवर घेऊन बसायची आणि तिला दुधात भाकरी कुस्करून भरवायची. भाकरी अर्थातच सुलाबाईच्या डब्यातल्या बाजरीची. पोरीला ताकद यावी म्हणून चार घास जास्तच.

एप्रिलमध्ये माझी दुसऱ्या वर्षाची परीक्षा सुरू होती. एक दिवस आई भाकरी घरीच विसरून गेली म्हणून मी ती द्यायला बागेत गेले. छाटणी नुकतीच उरकली होती. केरूने माझ्यासमोर नवा डबा फोडला. झाकणाखाली पांढरी भुकटी, आणि पत्र्यावर लाल रंगात कवटी आणि दोन हाडं. हेच चित्र आई विटकरीने घासून काढत होती. त्याच्याखाली बारीक इंग्रजी अक्षरांत मजकूर होता. वस्तीत इंग्रजी वाचता येणारी मी एकटी, आणि दोन वर्षांत मी तो डबा एकदाही वाचला नव्हता. तो मी तिथे उभ्या उभ्या वाचला. अन्नधान्याजवळ ठेवू नये. रिकामा डबा कोणत्याही कामासाठी वापरू नये, नष्ट करावा. पोटात गेल्यास अंग थरथरते, आचके येतात.

कोंबड्या आठवल्या, मांजर आठवलं, नळावरची छबू आठवली.

आता जे लिहिते आहे ते लिहायला मला अजून जड जातं. मी तडक घरी येऊन ओरडायला हवं होतं. मी चार दिवस तोंड उघडलं नाही. मूग गिळून बसले. कारणं तयार होती. परीक्षा आहे, खात्री करून घेऊ, सरांना विचारू. खरं कारण वेगळं होतं. बोलले की माझी आई वस्तीच्या नजरेत काय ठरणार, हे मला दिसत होतं. आणि माझा निबंध, माझा कप, माझं ते वाक्य. चार दिवस मी घरातली भाकरी खाल्ली नाही, पोट बिघडलंय म्हणाले. आईने मात्र खाल्ली, आणि मी बघत बसले. चौथ्या दिवशी भिंतीपलीकडून सुलाबाईची किंकाळी आली. छबूला पुन्हा फिट आली होती, आणि या वेळी बराच वेळ ती थांबेना.

ती शुद्धीवर आल्यावर मी आईला घरात ओढून नेलं आणि सगळं सांगितलं. बागेतला डबा, कवटी, इंग्रजी मजकूर. चार दिवसांचंही सांगितलं. मला वाटलं ती कपाळ बडवून घेईल, निदान मला थोबाडीत मारेल. तिने फक्त विचारलं, "सगळ्या डब्यांत हाय?"

"सगळ्यांत. सुलामावशीच्यात जास्त."

ती उठली, पदर खोचला आणि बाहेर पडली. भर दुपारी घरोघर गेली. प्रत्येक दारात एकच वाक्य, "माझी चूक झाली बाई, डबा दे, धान्यासकट दे." काहींनी मुकाट्याने दिला. एकीने चांगल्या धान्याची नासाडी म्हणून भांडण काढलं. आई म्हणाली, "तुला माझ्यातली देते, नवी आनून देते," आणि नंतर खरंच तिने दीड वर्ष खपून प्रत्येक घरी बाजरी भरून दिली. सुलाबाईने डबा आमच्या दारात आणून आदळला. पुढे कित्येक महिने ती आमच्याशी बोलली नाही.

डबे आईने डोक्यावरून नेऊन केरूच्या पुढ्यात टाकले. तो हसला म्हणे. त्या डब्यांचं त्याने काय केलं ते मला कळलं नाही. पण पुढे वणीला नोकरीला असताना स्टँडसमोरच्या एका वाण्याच्या दुकानात असलाच एक चकचकीत डबा शेंगदाण्यांनी भरलेला मी पाहिला. मी वाण्याला सांगितलं. "बाई, डबा धुतलाय आम्ही," तो म्हणाला. माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईने त्यातलेच पावशेर दाणे घेतले.

डबे गेले, पण धान्य राहिलं. दोन पोती भरली. आमच्या दोन खणांच्या घरात ती पोती भिंतीशी उभी, आणि आई माझ्याकडे बघत. "ह्याचं काय करू?"

मी शिकलेली. मी तिला शिकवायला बसले. नाल्यात टाकू नकोस, नाला पुढे नदीला मिळतो, खाली सायखेड्यापर्यंत लोक तेच पाणी पितात. उकिरड्यावर टाकू नकोस, गाई खातील, दुधात उतरेल. जाळू नकोस, धूर पोरांच्या नाकात जाईल. नळाजवळ, विहिरीजवळ पुरू नकोस, पाण्याबरोबर मुरत जातं. टाकलेलं कधी नाहीसं होत नाही आई, ते कुठे ना कुठे जातंच, कुणाच्या ना कुणाच्या पोटात. गर्गे सरांनी सांगितलेलं मी तिला घडाघडा म्हणून दाखवलं.

"मंग कुठं?" तिने पुन्हा विचारलं.

दुसऱ्या दिवशी माझा पेपर होता. मी चिडून म्हणाले, "लांब कुठेतरी खोल खड्डा कर आणि पुरून टाक ना! सगळं मीच सांगायचं का?"

"बरं," ती म्हणाली. संध्याकाळी मी आले तेव्हा पोती भिंतीशी नव्हती. "पुरली?" मी विचारलं. तिने होकाराची मान हलवली. मी पुस्तक उघडलं.

छबूच्या फिटा हळूहळू कमी झाल्या आणि पावसाळ्यानंतर थांबल्या. मी १९८१ला बी.एस्सी. झाले. जूनमध्ये वणीच्या शाळेत विज्ञानशिक्षिकेची जागा मिळाली. तिथे खोली घेतली. देवीच्या गडावर जाणाऱ्या यात्रेकरूंची गर्दी सोडली तर शांत गाव. दर शनिवारी दुपारच्या गाडीने मी नाशिकला यायची आणि रविवारी संध्याकाळी परत. आई आता घरात एकटीच.

ऑगस्टपासून मला ती वाळलेली दिसायला लागली. मी म्हटलं एकटं माणूस, धड जेवत नसेल. सप्टेंबरात तिच्या हातून चहाची बशी निसटली. तिने हात पदराखाली घेतला. दिवाळीत सुईत दोरा ओवायला बसली आणि ओवता येईना. दोरा सुईच्या आजूबाजूला नाचत होता. बागेत तिला एकदा भोवळ आली आणि ती वेलींच्या ओळीत पडली, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, फवारणीचं काम करता का? मला वाटलं, सापडलं. मी तिची बाग बंद केली. हट्टाने, भांडून. माझ्या पगारात दोघींचं भागत होतं. तिनेही ऐकलं.

बाग सुटली तरी थरथर वाढतच होती. मला काही सुचेना. शनिवारी मी आले की ती ताज्या पिठाची भाकरी करायची आणि माझ्याबरोबर एक चतकोर खायची. कोपऱ्यातलं जातं, जे माझ्या लहानपणापासून पडून होतं, त्याच्या कडेला पीठ दिसायचं. मी म्हटलं, "गिरणी दोन पावलांवर असताना हे काय गं म्हातारपणाचं वेड?" ती म्हणाली, "गिरनीचं पीठ तापतं. चव जाती." मला ते पटलं. मला तेव्हा काहीही पटत होतं.

जानेवारीत एका बुधवारी आमच्या शाळा समितीचे एक सभासद वारले आणि शाळा सकाळीच सुटली. मी सरळ नाशिकची गाडी धरली. बाराच्या सुमाराला घरी पोचले. दार लोटलेलं होतं.

आई जात्यापुढे बसली होती. उजव्या हाताने खुंटा धरला होता आणि उजवा हात थरथरतो म्हणून डाव्या हाताने तो मनगटाशी घट्ट दाबून ठेवला होता. असं ती दळत होती. शेजारी वेगळी परात, वेगळा तवा. ताटात एक जाड भाकरी, तिचा अर्धा भाग खाल्लेला, वर कांदा आणि चटणी. मागे माळ्यावरून उतरवलेलं पोतं, तळाशी थोडंसं धान्य. मी पोत्यात हात घातला. बाजरी टपोरी, स्वच्छ. सव्वादोन वर्षांची जुनी बाजरी, आणि तिला एक भोक नाही.

"आई, ही कुठली?"

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "तीच."

"तू पुरली होतीस ना? मला मान हलवून सांगितलंस!"

"खड्डा खांदला व्हता. चांगला कमरेइतका. पर वतायला गेले तर हातच उठंना. भात्तरच्या दुस्काळात रेशनची मिलो ज्वारी मातीतनं येचून खाल्ली आमी, शके. आन् आता दोन पोती बाजरी मातीत वतू?" मग ती थांबली, जणू हे कारण तिलाही पुरेसं वाटत नव्हतं. "आन् पुरली आसती तरी तूच म्हनली व्हतीस, मुरतं म्हनून. नाल्यात नको, गाईला नको, जाळू नको. कुनाच्या ना कुनाच्या पोटात जातंच म्हनलीस. मंग ऱ्हायलं कोन? डबे म्या दिले व्हते."

मी किंचाळले. काय काय बोलले ते आठवत नाही. वेडी आहेस का, मूर्ख आहेस का, असलंच काहीतरी. तिने शांतपणे परातीतलं पीठ गोळा केलं.

"वरडू नगं. तुला एक कन लागू दिला नाय म्या. तू घरात व्हतीस तवर माळ्यावर ठिवली, हात लावला नाय. तू वनीला गेल्यावरच काढली. तुझा तवा येगळा, तुझं पीठ येगळं. गिरनीत न्हेली तर मागल्याच्या पिठात जायाची, म्हनून जात्यावर दळते." तिने पोत्याकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान आलं, कामाचा ढीग उरकत आल्यावर बाईच्या चेहऱ्यावर येतं तसं. "सरलीच आता. पंध्रा दिसाची हाय. सुलीची पोरगी सालभर चांगली हाय, ठावं हाय ना तुला?"

मी पोतं उचललं आणि दाराबाहेर आले. ते कुठेतरी नेऊन फेकायचं, एवढंच डोक्यात होतं. दोन पावलं टाकली आणि थांबले. डावीकडे नाला होता, त्याच्या काठाने कुणाची तरी गाय चरत होती. उजवीकडे नळ, नळावर बायका. समोर विहाराच्या अंगणात सुलाबाईची छबू आणि दोन पोरी मातीत भातुकली मांडून बसल्या होत्या. उन्हात त्यांच्याभोवती नव्या कोंबड्या टिपत हिंडत होत्या. मी चारी बाजूंना बघितलं, पुन्हा बघितलं. पोतं फार जड नव्हतं, तरी हात भरून आले.

मागून आईचा आवाज आला, "आन हिकडं. उन्हात नगं उभी ऱ्हाऊ."